खांब कशानें उभा राहतो ?

मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले म्हणजे पाथर्डीहून शेवगांवकडे जाणाऱ्या वाटेनें सकाळीं एक फेरी मारावी आणि दोन्ही बाजूंच्या शेतांचीं कुंपणें लक्ष देऊन पाहावीं. कोठें एखादा खांब शेताकडे झुकलेला, कोठें तार सैल पडून जमिनीस टेकलेली, तर कोठें पायाशीं सिमेंटचा गोळा घेऊन खांब जमिनींतून बोट-दोन बोटें वर आलेला दिसेल. शेताचा धनी म्हणतो, "सिमेंट कमी पडलें." गवंडी म्हणतो, "वाळू खराब होती." परंतु मातीस कोणी दोष देत नाहीं, आणि तिची चौकशीहि कोणी करीत नाहीं. विद्यार्थी मित्रहो, ती चौकशी आज आपण करूं.

यास निमित्तहि नवें आहे. खांब रोवतांना काँक्रीटऐवजीं एक प्रकारचा फुगणारा फेस खड्ड्यांत ओतण्याची रीत अमेरिकेसारख्या देशांत पडली आहे. त्याचीं चित्रें आतां आपल्याकडील मुलेंहि मोबाईलवर पाहतात. दोन पातळ औषधें ढवळलीं, खड्ड्यांत ओतलीं, आणि पाव तासांत खांब घट्ट ! हें पाहून 'आपल्या शेतांत असें कां करूं नये ?' असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. प्रश्न चांगला आहे. मात्र त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देतां येत नाहीं.

आपल्या तालुक्यास हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्याचा (पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्याचा) हा पूर्वेकडील भाग पर्जन्यछायेंत मोडतो. येथील पुष्कळ कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीस बाहेर जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. मागें शेताची राखण वृद्ध माणसें व मुलें करितात. रात्रीं रानडुकरांचा कळप किंवा मोकाट जनावरें ज्वारींत शिरलीं तर त्यांस हुसकावणें त्यांच्या आटोक्यांतलें नसतें. तेव्हां कुंपण धड असणें म्हणजे आजोबांस रात्रीची झोप आणि नातवास सकाळची शाळा मिळणें होय. परंतु कुंपण घालावयास तरणे हात घरीं असतात ते चैत्र-वैशाखांत, आणि नेमक्या त्याच वेळीं विहिरी आटलेल्या असून गांव टँकरच्या पाण्यावर असतो. काँक्रीटला पाणी पाहिजे. फेसास वरून पाणी घालावें लागत नाहीं. म्हणून या नव्या रीतीची परीक्षा करणें आपणांस अगत्याचें आहे.

प्रथम हिशेब मांडूं. एक एकराचें चौरस शेत घेतलें तर त्याची एक बाजू सुमारें २०९ फूट, आणि चारी बाजू मिळून सुमारें ८३५ फूट भरतात. दहा-दहा फुटांवर खांब रोवल्यास ८४ खांब लागतील. खड्डा ९ इंच रुंद व २ फूट खोल, आणि खांब ४ इंच जाडीचा धरला, तर खांबाभोंवतीं सुमारें २० लिटर पोकळी भरावयाची राहते. काँक्रीटचें वजन लिटरला सुमारें २.४ किलो असतें. म्हणजे एका खड्ड्यास ४८ किलो आणि ८४ खड्ड्यांस चार हजार किलोंहून अधिक माल झाला. नुसतें कालविण्यासच खड्ड्यामागें सुमारें ४ लिटर, म्हणजे एकूण ३३६ लिटर पाणी लागेल. वर पाणी मारण्याचें आणि घमेलीं धुण्याचें निराळें. उलट, फेस फुगल्यानंतर त्याचें वजन घनमीटरास सुमारें ५० किलो भरतें. त्या मानानें एका खड्ड्यास एक किलो आणि साऱ्या शेतास ८४ किलो पुरेल. गर्भगिरीच्या उतारावरील शेतांत, जेथें बैलगाडीहि जात नाहीं, तेथें चार टन माल डोक्यावर वाहणें आणि ८४ किलो वाहणें यांतील अंतर कोणासहि कळेल. किंमतीचा विचार केला तर मात्र पारडें फिरतें. आपल्याकडे हा फेस काँक्रीटहून पुष्कळ महाग पडतो.

हा फेस म्हणजे आहे तरी काय ? त्याचें रासायनिक नांव पॉलियुरेथेन. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं या पदार्थाची कृति शोधून काढली. यांत दोन द्रव असतात. एकास आयसोसायनेट व दुसऱ्यास पॉलिऑल म्हणतात. ते एकत्र ढवळले कीं त्यांचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांचें जाळें विणलें जातें. द्रवांत अगोदरच थोडें पाणी मिसळलेलें असल्यास त्याचा आयसोसायनेटशीं संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो. जिलबीचें पीठ आंबून फुगतें तेंहि याच वायूच्या बुडबुड्यांनीं. फरक इतकाच कीं, येथें बुडबुड्यांच्या भिंती कांहीं मिनिटांत कठीण होतात व फुगलेला आकार कायम राहतो. याच कुळांतील मऊ प्रकार गाद्यांत आणि कठीण प्रकार शीतकपाटांच्या भिंतींत भरलेला असतो.

आतां मुख्य शंका. असा हलका पदार्थ खांब धरून ठेवील काय ? चांगलें काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरास १५० ते २०० किलो दाब सोसतें. हा फेस जेमतेम दोन-तीन किलो सोसतो. एवढें ऐकून कोणीहि फेसास निकालांत काढील. परंतु थोडें थांबा. खांबास बैलानें अंग घासलें म्हणजे खांब तो जोर भरावावर टाकतो, आणि भराव तो सभोंवारच्या मातीवर टाकतो. ती माती किती सोसते ? ओल्या काळ्या मातीवर दर चौरस सेंटिमीटरास एक-दीड किलोहून अधिक भार टाकण्यास स्थापत्यकार धजत नाहींत. म्हणजे काँक्रीट फुटण्याच्या पुष्कळ अगोदर माती हटते, आणि खांब आपल्या गोळ्यासह कलतो. काँक्रीटची ती २०० किलोंची शक्ति कुंपणाच्या खड्ड्यांत बहुतेक वायांच जाते. भराव मातीहून थोडा बळकट असला कीं पुरे; मग तो फेस असो, काँक्रीट असो, कीं धुम्मसानें ठोकलेला मुरूम असो.

तर मग खांबाचें बळ वाढवावयाचें कशानें ? खोलीनें. मुरमासारख्या जमिनींत खांब आडवा ढकलला जाऊं नये म्हणून माती जो विरोध करिते, तो खोलीच्या घनाच्या प्रमाणांत वाढत जातो. जोर जमिनीपासून ४ फूट उंचीवर बसतो असें धरून गणित केल्यास, खड्डा २ फुटांऐवजीं अडीच फूट खणला तर खांबाची शक्ति पावणेदोन पटीहून थोडी अधिक होते, आणि भराव मात्र चतुर्थांशानेंच वाढतो. याच्या उलट, खड्डा तितकाच खोल ठेवून त्याची रुंदी ९ इंचांवरून १२ इंच केली, तर भराव २० लिटरांवरून ४० लिटरांवर जातो, म्हणजे दुप्पट होतो, आणि शक्ति वाढते ती केवळ एकतृतीयांश. आपले लोक बहुधा दुसरी चूक करितात. पहार दगडास लागली कीं खोली सोडून खड्डा रुंद करितात आणि त्यांत अधिक सिमेंट ओततात. सहा इंच अधिक खणण्याची मेहनत टाळावी आणि तिच्याऐवजीं पैसा खर्चावा, असा हा व्यवहार आहे.

हें झालें मुरमाड जमिनीचें. मढी, मोहटा या डोंगराळ बाजूची जमीन बहुतांशीं उथळ व मुरमाड. शेवगांवच्या अंगाची काळी व खोल. काळ्या मातीचा स्वभाव निराळा. बेसाल्टचा काळा दगड झिजून ती झालेली आहे, आणि तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाचें चिकण खनिज असतें. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते. पाणी आटलें कीं आकसून तिला भेगा पडतात. उन्हाळ्यांत खांबाभोंवतींची माती भरावापासून सुटून दूर सरते. मग भराव फेसाचा असो वा काँक्रीटचा, खांब खिळखिळा होतो. पावसाळ्यांत तीच माती फुगून भरावास चहूंकडून आंवळते व वर ढकलते. खड्डा वर रुंद व खालीं निमुळता असेल तर हें उचलणें अधिकच सोपें होतें. वाटेवर वर आलेला जो गोळा आपण पाहिला, त्याचें कारण हें.

रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें काळ्या मातींतील इमारतींसाठीं खालच्या टोंकास फुगीर असे पायाचे खांब प्रचारांत आणले. फुगवटा खोडाच्या सुमारें अडीच पट रुंद असून खांब साधारणतः साडेतीन मीटर खोल जातात. कारण तितक्या खालीं मातीचा ओलावा वर्षभर फारसा बदलत नाहीं. कुंपणासाठीं इतकें खोल कोणी जाणार नाहीं. परंतु तत्त्व घेतां येतें. काळ्या मातींत खड्डा तीन फूट न्यावा, आणि त्याचा आकार घागरीसारखा, तळाशीं रुंद व तोंडाशीं अरुंद ठेवावा.

आपल्या शेतांतील माती किती फुगते हें शाळेच्या प्रयोगशाळेंत पाहतां येतें. माती वाळवून, कुटून, अगदीं बारीक चाळणीनें चाळून घ्यावी. १०० मिलिलिटरांच्या दोन मापननळ्या घेऊन प्रत्येकींत १० मिलिलिटर माती टाकावी. एकींत पाणी व दुसरींत रॉकेल भरून, काडीनें ढवळून, बुडबुडे काढून टाकावे व २४ तास स्वस्थ ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं. पाण्यांतील मातीच्या उंचींतून रॉकेलांतील उंची वजा करावी. बाकीस रॉकेलांतील उंचीनें भागून १०० नीं गुणावें. उत्तर ५० हून अधिक आलें, तर ती माती खांबास दगा देणारी समजावी.

आतां फेसाविषयीं निर्णय सांगतां येईल. डोंगरउताराच्या मुरमांत, जेथें पाणी व वाळू नेणें दुर्घट आहे, तेथें कुंपणाच्या मधल्या खांबांसाठीं फेस चालेल. कोपऱ्याच्या खांबांस व फाटकाच्या खांबांस तो वापरूं नये. तेथें ताणलेल्या तारेचा किंवा फाटकाचा ओढा रात्रंदिवस एकाच बाजूस असतो, आणि अशा सततच्या भाराखालीं फेस हळूहळू दबत जातो. तेथें काँक्रीट किंवा दगड, आणि शिवाय तिरपा टेकू पाहिजेच. खड्ड्यांत पाणी सांचलें असेल तर फेस ओतूं नये. तो नीट बनत नाहीं. उन्हानें तो भुरभुरीत होतो, म्हणून जमिनीच्या तीन-चार बोटें खालींच थांबवून वर मुरूम दाबावा व त्यास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. वैशाखाच्या उष्म्यांत मिश्रण लवकर फुगतें. म्हणून तें सावलींत कालवावें, आणि ओळंब्यानें खांब सरळ केल्यावरच ओतावें. मागाहून सरळ करूं म्हटल्यास वेळ उरत नाहीं.

पालकांनीं दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवाव्या. आयसोसायनेटची वाफ श्वसनास अपायकारक आहे, आणि एकदां तिची बाधा झाली म्हणजे पुढें थोड्या वाफेनेंहि दमा उठूं शकतो. हें काम मुलांच्या हातीं देऊं नये. मोठ्यांनींहि हातमोजे व चष्मा घालून, वाऱ्याकडे पाठ करून करावें. दुसरी गोष्ट, बांधावरचें गवत पेटविण्याची आपल्याकडे चाल आहे. हा फेस जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. शिवाय तो मातींत कुजत नाहीं. खांब काढला तरी त्याचे तुकडे नांगराच्या फाळाखालीं वर्षानुवर्षें येत राहतील. वाळवी तो खात नाहीं, तरी त्यांतून वाट पोखरते. म्हणून लांकडी खांब फेसांत बसविल्यानें निर्धास्त होतां येत नाहीं.

आणि ज्यास फेस परवडत नाहीं व सिमेंटला पाणी नाहीं, त्यानें काय करावें ? खड्डा अडीच फूट खणावा, तळाशीं चपटा दगड ठेवावा, खांब ओळंब्यांत धरून भोंवतीं दगडांच्या पाचरी माराव्या, आणि मुरूम चार-चार बोटांच्या थरांनीं टाकून प्रत्येक थर धुम्मसानें किंवा पहारेच्या बोथट टोंकानें पुरा ठोकावा. एकदम खड्डा भरून वरून ठोकल्यास खालचा मुरूम पोकळच राहतो. असा खांब पुढें सैल झाला तर पुन्हां ठोकतां येतो. काँक्रीटचा गोळा सुटला तर तो उपटून टाकण्यावांचून उपाय नसतो. अगदीं फुगणाऱ्या काळ्या रानांत खांबांच्या जोडीस शेर, सागरगोटा किंवा गिरिपुष्प लावावें. झाडाच्या मुळ्या मातीबरोबर हलतात व पुन्हां आपली पकड घेतात. मेलेल्या खांबास तें साधत नाहीं.

येत्या उन्हाळ्यांत ज्यांच्या घरीं कुंपणाचें काम निघेल, त्या विद्यार्थ्यांनीं सिमेंटची किंवा फेसाची चौकशी करण्यापूर्वीं शेतांतील चार कोपऱ्यांची ओंजळ-ओंजळ माती चार निरनिराळ्या पुड्यांत बांधून शाळेंत आणावी. दोन नळ्या, थोडें रॉकेल आणि एक दिवसाचा धीर एवढीच सामग्री लागते. चारी पुड्यांचें उत्तर एकच येईल असें समजूं नये. एकाच शेताच्या दोन टोंकांस दोन प्रकारची माती असूं शकते. मग कोणत्या कोपऱ्यांत किती खोल जावयाचें, हें घरच्या वडील मंडळींस सांगतां येईल, आणि खणण्यास हातहि लावतां येईल.