सायबर हल्ला : गुन्हा की युद्ध?



सायबर हल्ल्याची बातमी आली की मोबाईलवर लगेच "हे तर युद्धच!" असे मेसेज फिरू लागतात. पण कायद्याच्या नजरेतून प्रत्येक सायबर हल्ला म्हणजे युद्ध नव्हे. मग तो युद्ध कधी ठरतो? चला, आपल्या महाराष्ट्रातल्याच उदाहरणांवरून समजून घेऊया.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ ची. तिच्या कलम २(४) नुसार एका देशाने दुसऱ्यावर बळाचा वापर करायचा नाही. मात्र 'सशस्त्र हल्ला' झालाच, तर कलम ५१ नुसार स्वसंरक्षणाचा हक्क मिळतो. त्या काळी इंटरनेट नव्हतंच. म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये 'टॅलिन मॅन्युअल' तयार केलं. तो कायदा नाही, तज्ज्ञांचं मत आहे. त्यातली कसोटी सोपी आहे : हल्ला कशाने केला हे पाहू नका, त्याचा परिणाम किती मोठा झाला ते पाहा. माणसं मेली किंवा जखमी झाली का? मोठी मोडतोड झाली का?

उदाहरण १ : कॉसमॉस बँक, पुणे

ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. रक्कम प्रचंड, पण जीवितहानी नाही. ही चोरी झाली, म्हणजे गुन्हा. इथे पोलीस आणि न्यायालय यांचं काम.

उदाहरण २ : मुंबईचा अंधार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, ही मानवी चूक. म्हणजे हल्ला झाला की नाही यावरच एकमत नाही! मग युद्ध कुणाशी पुकारणार?

उदाहरण ३ : कोयना (फक्त कल्पना करा बरं का!)

साताऱ्यातलं कोयना धरण सुमारे १०५ टीएमसीचं. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे सांगलीला जाते. २०१९ चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. समजा, एखाद्या देशाने संगणकातून घुसून धरणाचे दरवाजे उघडले आणि गावं बुडाली. एकही गोळी सुटली नाही, तरी बॉम्ब टाकून धरण फोडल्यासारखाच हा परिणाम. याला सशस्त्र हल्ला म्हणायला बहुतेक तज्ज्ञ तयार होतील.

हा फरक एवढा महत्त्वाचा का?

कारण 'सशस्त्र हल्ला' हा शब्द वापरला की शस्त्राने उत्तर देण्याची वाट मोकळी होते. हल्लेखोर तर तिसऱ्याच देशातले संगणक वापरून लपतो. पुरावा नसताना बोट दाखवलं, तर निरपराध लोकांवर बॉम्ब पडतील. शिवाय उत्तरसुद्धा गरजेपुरतं आणि प्रमाणातच हवं.

लक्षात ठेवा, तीन प्रश्न :

१) परिणाम किती गंभीर?
२) हल्ल्यामागे देश आहे की चोरांची टोळी?
३) पुरावा भक्कम आहे का?

स्वाध्याय : समजा, परदेशातून कुणीतरी सांगलीतल्या रुग्णालयाचे संगणक बंद पाडले आणि त्यामुळे रुग्ण दगावले. हा गुन्हा की युद्ध? वरचे तीन प्रश्न लावून मुलांशी चर्चा करा. आणि पुढच्या वेळी "युद्ध!" असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी हेच प्रश्न स्वतःलाही विचारा.