डोक्याला मार लागलाय आणि माणूस बोलतोय

अगं, गाडी घसरू दे नाहीतर पोरगं माळवदावरून पडू दे, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "रक्त आलं का?" नाही म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. टेंगळावर हळदीचा लेप लागतो, चहा ठेवला जातो. मला नेमकी त्या चहाच्या वेळेची धास्ती वाटते बघ.

कवटीच्या आत रक्त साकळायला लागलं तर बाहेर थेंबही दिसत नाही. कानशिलापाशी हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून रक्तवाहिनी जाते. ती फाटली तर माणूस क्षणभर बेशुद्ध पडतो, उठतो, नीट बोलतो, आणि तासा-दोन तासांत बघता बघता खचत जातो. रमण लांबा हा आपला क्रिकेटपटू असाच गेला. फेब्रुवारी 1998, ढाक्यातला क्लबचा सामना. हेल्मेट न घालता तो फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता आणि चेंडू डोक्यात बसला. तो आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेला. नंतर शुद्ध हरपली आणि 23 तारखेला, अवघ्या 38व्या वर्षी, सगळं संपलं.

म्हणून तू रक्ताकडे बघू नकोस, माणसाकडे बघ. पहिला दिवस-रात्र तर नजर हलवू नकोस. एकदा उलटी झाली, भीतीनं झाली असेल. पण परत परत होतेय, डोकेदुखी वाढतच चाललीय, तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतोय, जीभ जड झालीय, एका हातातली वाटी निसटतेय, तर गाडी बोलव. डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, नाका-कानातून पाण्यासारखं काही गळायला लागलं, झटका आला, तर क्षणभरही थांबू नकोस. झटक्यात कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाला लावायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. कुशीवर वळव. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू देऊ नकोस, कितीही मोठं माणूस म्हणालं तरी.

"दमलाय, झोपू दे" हे वाक्य मला फार घातक वाटतं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू दे, पण त्यांनी सांगितलं तसं मधूनमधून उठव आणि लेकीचं नाव विचार. हाक मारूनही उठत नसेल, तर ती झोप नव्हे.

नेताना दुचाकीवर दोघांच्या मध्ये कोंबून नेऊ नका. मानेलाही मार असू शकतो. 108 लाव. नांदेडात विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय आहे, लातुरात विलासराव देशमुखांच्या नावाचं. रस्त्यात अनोळखी माणूस पडलेला दिसला तरी पोलिसांच्या लचांडाला भिऊ नकोस. 2019च्या कायदादुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.

आता तुझ्या सासऱ्यांचं. ते मोरीत घसरले तेव्हा काहीच झालं नाही म्हणतेस. म्हाताऱ्या माणसात रक्त थेंबाथेंबानं साचतं, दोन-तीन आठवड्यांनी त्रास दिसतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका आणखी जास्त. चालताना एकीकडे झुकतात, धोतर नेसताना गोंधळतात, जेवलेलं विसरतात. घरचे म्हणतात, वय झालं. वय एका महिन्यात होत नाही गं. पडल्याची तारीख सांगून त्यांचं सिटी स्कॅन करून घे. वेळेत कळलं तर असं माणूस ऑपरेशननं पुष्कळदा बरं होतं.

तान्हं लेकरू पडलं असेल तर धोक्याच्या खुणा वेगळ्या: टाळू फुगलेली दिसते, रडं थांबत नाही, नाहीतर ते अंगावर पीतच नाही.

आणि एक गोष्ट, आपल्या बायकांपुरती. नवऱ्यानं भिंतीवर डोकं आपटलं तरी दवाखान्यात "पायरीवरून पडले" सांगितलं जातं. मग महिनोन्‌महिने डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, भाजीत मीठ दोनदा पडतं, बारक्या गोष्टीवरून रडू फुटतं, आणि वर ऐकायला मिळतं की हिला कामचुकारपणा सुचतोय. ही लक्षणं खरी असतात. तुझ्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला घेऊन जा, डॉक्टरांशी एकटीला बोलू दे, आणि डोकं किती वेळा आपटलं ते खरं खरं सांगायला सांग. घरी परत जायची भीती वाटत असेल तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला तोंडपाठ करून दे. मोबाइलमध्ये जपून ठेवलेला तिच्या नवऱ्याला दिसेल.