टीका आणि तिरस्कार : भाषणस्वातंत्र्याची मर्यादा कोठे?

भाषणस्वातंत्र्य हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मग एखाद्या समाजाविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्या भाषणालाही हे संरक्षण मिळावे काय? हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून शिव्या ऐकल्या आणि ज्याला उलट उत्तर देण्याची मुभाही नव्हती, त्याला या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घेतला पाहिजे.

१. संविधानातील तरतूद

कलम १९ (१) (क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि कलम १९ (२) ने त्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार राज्याला दिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मर्यादांवरील आक्षेपांना उत्तर दिले. अमेरिकेत मूलभूत हक्क अनिर्बंध आहेत हा समज बरोबर नाही, तेथील न्यायालयांनीही मर्यादा मान्य केल्या आहेत, हे त्यांनी तेथील निकालांच्या आधारे दाखवून दिले.

१९५० मध्ये मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ व ‘गुन्ह्यास चिथावणी’ ही कारणे कलम १९ (२) मध्ये जोडली गेली. त्याचबरोबर ‘वाजवी’ हा शब्दही आला. बंधन वाजवी आहे की नाही, हे त्यामुळे न्यायालयाला तपासता येते.

दंडविधानातील १५३-अ (समाजगटांत वैर पसरविणे) व २९५-अ (धर्मभावना दुखावणे) या कलमांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १९६ व २९९ या कलमांनी घेतली आहे.

२. स्वातंत्र्याची गरज कोणाला?

बलवानाला बोलण्यासाठी कायद्याची गरज फारशी पडत नाही. ती दुर्बलाला पडते. १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, ते बोलण्याचा हक्क नाकारलेल्यांना आवाज मिळावा म्हणून. २९५-अ हे कलमही १९२७ चेच, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. केवळ भावना दुखावल्या एवढ्यावरून गुन्हा ठरला असता, तर विषमतेविरुद्धची ही कृतीही गुन्हा ठरली असती. कायद्याने मात्र ‘जाणूनबुजून व दुष्ट हेतूने’ अपमान केला असला पाहिजे, अशी अट घातली.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण ऐकण्यापूर्वीच परिषद रद्द केली. तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले, त्या वेळी राम-कृष्णांवरील परिशिष्ट वगळावे अशी मागणी झाली. कारण एकच सांगितले गेले, ते म्हणजे भावना दुखावल्या. याविरुद्ध फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडून परिशिष्ट कायम राहिले. ग्रंथाची चिकित्सा करण्याचा हक्क म्हणजे काय, हे त्या वेळी आपल्या समाजाने रस्त्यावर उतरून सांगितले.

३. शब्दांनी होणारी इजा

आता दुसरी बाजू पाहू. रवांडा या आफ्रिकी देशात १९९३ मध्ये सुरू झालेले एक खासगी रेडिओ केंद्र तुत्सी लोकांना ‘झुरळे’ म्हणत असे. १९९४ च्या हत्याकांडात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरविले. २००७ च्या अपिलात काही आरोप रद्द होऊन शिक्षा कमी झाल्या, पण दोष पूर्णपणे पुसला गेला नाही. माणसाला आधी माणूसपणातून काढून टाकणारे शब्द आले आणि मागून शस्त्रे आली.

आपल्याकडील जातिवाचक शिवी ही याच जातीची गोष्ट आहे. तिच्यात कोणतेही मत नसते, युक्तिवाद नसतो. ‘तुझी जागा खाली आहे’ एवढेच ती चारचौघांत जाहीर करते. म्हणूनच १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, लोकांच्या नजरेसमोर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हेतुपुरस्सर अपमानित करणे हा गुन्हा ठरविला. १९९० मध्ये बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाल्यामुळे धर्मांतरितांनाही हे संरक्षण मिळू शकले. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जागा खासगी असली तरी घराचे फाटक रस्त्यावरून दिसते, म्हणून तेथे दिलेली शिवी लोकांच्या नजरेसमोरचीच होय. २०१५ च्या दुरुस्तीने या समाजांविरुद्ध द्वेषभावना पसरविणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला.

४. अमेरिकेचा निराळा मार्ग

अमेरिकेने दुसरी वाट धरली. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालानुसार, तात्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याच्या हेतूने केलेली आणि तसे घडण्याचा संभव असलेली चिथावणीच शिक्षापात्र ठरते. १९७७ मध्ये नाझी छळातून वाचलेले अनेक ज्यू जेथे राहत होते, त्या शिकागोजवळील स्कोकी गावात नाझीवाद्यांना मोर्चा काढायचा होता. नागरी हक्क संघटनेच्या वकिलांनी त्यांच्या हक्काची बाजू लढविली. सरकारच्या हाती बंदीचे शस्त्र दिले की उद्या ते दुर्बलांवरच चालेल, असा त्यामागचा विचार होता. हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरील साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यात वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या असून चिथावणीच्या पायरीवरच बंधन येऊ शकते, असे त्या निकालात सांगितले आहे.

परंतु ज्या देशात शिवीमागे बहिष्कार आणि बहिष्कारामागे मारहाण येते, तेथे हिंसा उंबरठ्यावर येईपर्यंत थांबणे म्हणजे पीडिताला वाऱ्यावर सोडणे होय.

५. रेषा कोठे ओढावी?

भावना किती दुखावल्या, हे माप निरुपयोगी आहे. जो जास्त आरडाओरडा करील तोच त्या मापाने जिंकेल. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. एक, बोलणे विचारावर, ग्रंथावर, प्रथेवर आहे की जन्मावरून ठरलेल्या माणसांवर? दोन, त्याला युक्तिवादाने उत्तर देता येते काय? तीन, त्यामुळे कोणाची सुरक्षितता किंवा समान नागरिक म्हणून जगण्याची जागा धोक्यात येते काय? ग्रंथाला कितीही झोंबणारी टीका सोसावी लागेल. माणसाला मात्र जन्मावरून तुच्छ लेखण्याचे स्वातंत्र्य कोणालाही असू नये.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. २०१२ मध्ये शालेय पाठ्यपुस्तकातील एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला आणि पुण्यात पुस्तकाशी संबंधित प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. बाबासाहेबांचा अवमान झाल्याची वेदना खरी होती, पण मोडतोड हे तिचे उत्तर नव्हे. ‘रिडल्स’साठी मागितलेले स्वातंत्र्य इतरांनी आपल्या श्रद्धास्थानांविषयी वापरले तर लेखाला लेखाने उत्तर दिले पाहिजे.

कायदा केवळ किमान मर्यादा सांगतो. सम्यक वाचेची अपेक्षा त्याहून मोठी आहे. असत्य, चहाडी, कठोर वचन आणि व्यर्थ बडबड यांपासून दूर राहावे, असे ती सांगते. मात्र सत्य व हितकर असे वचन ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलावे, हेही अभयराजकुमार सुत्तात सांगितले आहे. अप्रिय सत्य आणि द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखायला आपल्या मुलांना घरात आणि विहारात शिकविले पाहिजे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. १९५१ च्या घटनादुरुस्तीतील ‘वाजवी’ या शब्दाचे महत्त्व स्पष्ट करा.
२. ‘रिडल्स’ प्रकरण व २०१२ चे व्यंगचित्र प्रकरण यांना वरील तीन प्रश्न लावून पाहा. दोन्हीकडे आपले उत्तर एकच येते काय?
३. आपल्या वस्तीत, शाळेत किंवा कार्यालयात जातिवाचक शब्द वापरला गेल्यास कायद्याने काय करता येईल, आणि कायद्याशिवाय आपण काय करू शकू?