कालव्याचे पाणी आणि लस

पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. त्याचा डावा कालवा आपल्या परभणी जिल्ह्यात येतो. पाणी सुटले की काय होते, ते आपल्याला सांगायला नको. वरच्या अंगाचे शेतकरी आधी भिजवून घेतात. ज्याचे रान टेलला, तो फावडे घेऊन वाट बघत बसतो. धरणात पाणी आहे, कालवाही आहे. पण रानात येईल तेव्हा खरे.

लशीचेही तसेच आहे. लस तयार होणे ही एक गोष्ट. ती आपल्या दंडात टोचली जाणे ही दुसरी.

करोनाची साथ आठवून बघा. लस कुठे तयार होत होती? पुण्याला, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे आपल्याच राज्यात. तरी ती पाळीपाळीने आली. १६ जानेवारी २०२१ ला देशात सुरुवात झाली. पहिली पाळी दवाखान्यात राबणाऱ्यांची. डॉक्टर, नर्सबाई, आशाताई. १ मार्चपासून साठीच्या पुढची माणसे, आणि पंचेचाळिशीच्या पुढची आजारी माणसे.

ही पाळी आम्हाला रास्त वाटते. घरात पेलाभरच दूध असले तर आपण ते आजारी पोराला देतो. पाच जणांत चमचा चमचा वाटत नाही. सारखे वाटले म्हणजे न्याय झाला, असे नसते.

घोळ झाला तो पुढे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली. पण आधी कोविनवर नाव नोंदवायचे. त्याला मोबाईल हवा, रेंज हवी, वाचता यायला हवे. बोटेही चपळ हवीत, कारण जागा काही मिनिटांत भरून जात. मग शहरातले लोक खेड्यातल्या केंद्राची जागा धरीत आणि गाडी काढून तिथे येत. राज्यात ठिकठिकाणी हे झाले. केंद्र गावात, आणि गावचा माणूस दाराबाहेर! वाचता न येण्याची किंमत अशीही मोजावी लागते बरं का.

लोकांनी ओरड केली. २४ मे ला सरकारी केंद्रांवर जागेवरच नाव नोंदवायची मुभा मिळाली. मोबाईल नसलेल्यांनी काय करावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात सरकारला विचारले. २१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी केंद्र सरकार राज्यांना लस फुकट देऊ लागले. नोव्हेंबरात आरोग्यसेवक दारोदार फिरले.

टेलच्या वस्तीची आणखी एक अडचण असते. कोविशील्ड लस २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवावी लागे. एका बाटलीत दहा जणांची लस. बाटली फोडली की चार तासांत संपवायची. वस्तीवर तीनच माणसे जमली, तर बाई बाटली फोडायला कचरणारच. सात जणांची लस वाया जायची! तेव्हा वस्तीने ठरवून दहा जण एकदम जमणे, हा तिथला खरा उपाय होता.

जगाच्या कालव्यालाही टेल आहे. श्रीमंत देशांनी पैसे आधी भरून माणशी लागेल त्याहून कितीतरी जास्त लस राखून ठेवली. आफ्रिकेतले देश वाट बघत राहिले. त्यांना पुण्याची लस जायची होती. पण २०२१ च्या मार्चअखेर आपल्याकडे साथ भडकली, आणि बाहेर जाणारी लस जवळजवळ थांबली. ती नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. आपली माणसे मरत होती, म्हणून थांबवली. हे खरे. पण त्या वेळी त्यांच्या वरच्या अंगाला आपण होतो, हेही खरे.

आता करोनाची घाई राहिली नाही. पण लहान मुलांच्या लशी दर वर्षी लागतातच. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोपीवरच्या लेकराची गोवराची लस नवव्या महिन्याला असते. तेव्हा आई कारखान्यावर. गावच्या आशाताईच्या वहीत नाव आहे, पण लेकरू नाही. कारखान्याकडच्या गावात लेकरू आहे, पण वहीत नाव नाही. दोन्हीकडून ते सुटते. अशाच सुटलेल्या मुलांसाठी सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष सुरू केले.

निघताना लेकराचे लशीचे कार्ड बरोबर घ्यावे. कोणत्याही सरकारी दवाखान्यात ते दाखवून लस फुकट मिळते. एखादा डोस चुकला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे देतात.