रिबन नंतर, आधी पोरीची हाडं

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन थांबत नाही. यंदा चिखलदऱ्याहून एका आईचा आला. "माह्या पोरीले ठाण्याले ठिवू काय जी? संयुक्ता काळेवानी होईन थे." पोर बारा वर्षांची. मोबाइलवर बघून अंग वाकवते, ओढणीची रिबन करते.

मी स्पष्ट नाही म्हटलं.

रिदमिक जिम्नॅस्ट संयुक्ता काळेने 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत ती ओडिशाच्या प्रणती नायकसोबत सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. पण ती ठाण्याची, तिच्या प्रशिक्षक पूजा आणि मानसी सुर्वेही ठाण्याच्याच. रिदमिक जिम्नॅस्टिक्स पाच-सहा वर्षांच्या वयात सुरू होतं आणि सोळाव्या वर्षी मुलगी सीनियर गटात जाते. बाराव्या वर्षी घर सोडून पहिला धडा गिरवायचा, तर हातात उरतात चार वर्षं.

आणि एक गोष्ट आईबापांनी ऐकाच. पोरीला रोज वजनकाट्यावर उभी करू नका. तिची भाकर मोजू नका. या खेळात बारीक दिसण्याचा सोस मोठा. पोट मारून सराव केला की पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि पदक मिळालं तरी ते नुकसान भरून येत नाही. पाळी चुकू लागली तर प्रशिक्षकाला विचारत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, तेही ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीवर. पण मला बोलायचंय ते तुमच्या उशापाशी असलेल्या अमरावतीबद्दल. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवले. तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते. पुढे पतियाळाला प्रशिक्षकाचा डिप्लोमा करता येतो. मेळघाटातल्या सहा वर्षांच्या पोरींना शिकवायला उद्या माणूस लागेल, ती तुमचीच लेक का नसावी? आणि लवचीक अंगाला दोरीचा मल्लखांब आहेच; 2022 पासून तो राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही खेळला जातो.

त्या आईला मी म्हटलं, रविवारी परतवाड्यावरून अमरावतीला जा. तिथल्या मुलींना दोरीवर चढताना पोरीला बघू द्या. घाट चढून परत येताना तिलाच विचारा, मग मला फोन करा.