आधी कारखान्यांच्या वरचा गाळ घ्या

भोसरी-चिखली पट्ट्यातल्या एका सोसायटीची तक्रार माझ्या डोळ्यांदेखत फेटाळली गेली, आणि ती तक्रार खरी होती. मी तेव्हा माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने गोळा करण्याचं काम करत असे. सोसायटीच्या भिंतीला लागून नाला होता. त्याच्या वरच्या अंगाला प्लेटिंगची जॉब-वर्क शेड्स, काही चालू, काहींना कुलपं. उन्हाळ्यात नालेसफाई झाली. पोकलेनने उपसलेला काळा गाळ काठावरच पडून सुकला आणि कुणीतरी तो झाडांना घातला. झाडं करपली, तेव्हा रहिवाशांनी वर्गणी काढून गाळ तपासून घेतला. तांबं, क्रोमियम, निकेल, जस्त, सगळंच परदेशी मर्यादेच्या वर निघालं.

तक्रारीवरच्या बैठकीत समोरच्या तज्ज्ञाने एवढंच विचारलं, "शेड्सच्या वरच्या भागातला नमुना कुठाय?" तो घेतलेलाच नव्हता. मला अहवाल वाचायला बोलावलं होतं, पण त्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

आपला सह्याद्री बेसाल्टचा आहे. या दगडात किलोमागे साधारण शंभर ते दोनशे मिलिग्रॅम तांबं निसर्गतःच असतं. गाळासाठी जगभर वापरली जाणारी एक उत्तर अमेरिकी मर्यादा तांब्याला 149 मिलिग्रॅम धरते. त्या मापाने मोजलं तर भंडारा डोंगराच्या पायथ्याचा ओढाही दोषी ठरू शकतो. क्रोमियम-निकेलचंही काहीसं तसंच. जस्ताचं मात्र तसं नाही. बेसाल्टमध्ये ते शंभराच्या आसपास असतं, त्या मर्यादेत 459, आणि त्या नाल्यात याच्या कितीतरी पट होतं. हा दगडाचा नव्हे, प्लेटिंगच्या टाक्यांचा माल होता. पण तांब्याचा मुद्दा पडला आणि त्याच्याबरोबर जस्तही वाहून गेलं. माणसं खरं बोलत असूनही हरली, याची चीड मला आजही आहे.

म्हणून पहिली बाटली भरायची ती वरच्या अंगाला, जिथे एकाही कारखान्याचं पाणी येत नाही तिथे. दगड तोच हवा, गाळाचा पोत शक्य तितका सारखा हवा. धातू बारीक चिकणमातीला धरून राहतात. एकीकडे वाळू आणि दुसरीकडे चिखल तपासला, तर आलेला फरक पोताचा असतो, प्रदूषणाचा नसतो. गाळ मोरीच्या मागे, वळणाच्या आतल्या बाजूला, बंधाऱ्याच्या वर साचतो. तिथला घ्या. धातूंसाठी प्लास्टिकचा चमचा वापरा. क्रोमचा मुलामा दिलेलं खुरपं नको. नमुना कुणी घेतला, कुणाच्या हाती दिला, किती वाजता, हे कागदावर सहीनिशी असू द्या.

फक्त पाणी तपासून समाधान मानू नका. पाणी त्या क्षणाचं असतं. रात्री सोडलेली टाकी सकाळपर्यंत इंद्रायणीला मिळालेली असते, तिच्यातले धातू मात्र गाळात उरतात. शेड बंद पडून वर्षं झाली असतील, तर वरचा थर ठीकठाक आणि खालचा वाईट असं आढळतं. म्हणून पाइप खोल रोवून नमुना काढायचा आणि थर वेगळे तपासायचे. आज जिथे पॅकिंगचं काम चालतं तिथे आधी काय होतं, हे जुन्या कामगारांना विचारा. त्यावरून काय तपासायचं ते ठरतं.

लष्कराच्या जुन्या जागेला हे अधिकच लागू आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. देहूरोड आणि दिघीच्या रेडझोनमुळे आपल्याकडे हा विषय कुणाला परका नाही. त्या जागा वापरात आहेत, त्यांच्याबद्दल मी काही सुचवत नाही. पण जगात कुठेही लष्कराने सोडलेली जमीन तपासताना गोळीबाराच्या मैदानाखालच्या चरात शिसं शोधतात, वाहनांच्या वर्कशॉपखाली तेल आणि सॉल्व्हंट, दारूगोळा भरण्याच्या जागेखाली टीएनटी. टीएनटी उजेडात बदलतं, म्हणून तो नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फात. आणि न फुटलेला दारूगोळा नाही याची तज्ज्ञांनी खात्री दिल्याशिवाय चरात पहारसुद्धा घालायची नाही.

उपसलेल्या गाळाचं भान सर्वांत कमी असतं. नाल्याच्या तळाशी प्राणवायू नसतो, तेव्हा बरेचसे धातू गंधकाशी बांधलेले असतात. काठावर हवा लागली की ते बंध तुटू लागतात आणि पहिल्या पावसात धातू पुन्हा पाण्यात उतरतात. धरणातला गाळ शेतात नेण्याची योजना चांगली आहे. औद्योगिक पट्ट्यातल्या नाल्याचा गाळ मात्र तपासल्याशिवाय शेतात, बागेत, भरावात कुठेही नेऊ नये. तो घातक ठरला, तर त्याची जागा रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पासारख्या ठिकाणी आहे.

जुलै 2025 पासून दूषित स्थळांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत आणि संशयित जागेची प्राथमिक तपासणी राज्य प्रदूषण मंडळावर सोपवली आहे. तक्रार देताना कारखान्यांच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही अहवाल एकत्र जोडा. आणि हे सगळं नालेसफाईच्या आधी करा. पोकलेन एकदा उतरलं की थर उरत नाहीत.