आधी मोजणी, मग सही

खाडीत मासा मेला की सरकारी जीप यायला वेळ लागतो, कारखान्याचा माणूस मात्र लगेच येतो. आमच्या गावात तो दुसऱ्याच सकाळी आला, छापील फॉर्म घेऊन. पहिल्या पावसाच्या रात्री वरच्या वसाहतीतल्या एका कारखान्याचं सांडपाणी नाल्यातून उतरलं आणि उजाडताना बोईट, काळुंदर काठाला उताणी पडली होती. पाण्यावर तांबूस फेस, उग्र वासाने डोळे चुरचुरत होते. फॉर्मवर होडीमागे ठरावीक रक्कम, खाली सही. सहीच्या वर बारीक अक्षरात एक ओळ: या घटनेबाबत यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. लोकांनी सह्या केल्या. त्यांना मी दोष देत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मच्छीमाराच्या घरात पैसा नसतो.

पण ज्यांना होडीच नाही त्यांचं काय? माझ्या सासूबाई तिसऱ्या काढायच्या. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, बोटांनी चाचपत एकेक शिंपला उपसायचा, टोपली भरली की डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. परवाना नाही, सोसायटीचं सभासदत्व नाही, त्यामुळे भरपाईच्या यादीतल्या कुठल्याच रकान्यात त्यांचं नाव बसेना. मासा पुढच्या भरत्यांबरोबर हळूहळू परतला. चिखलातला जीव परतला नाही. ज्यांचं नुकसान सगळ्यांत लांबलं, त्याच बाया मोजणीतून सुटल्या.

भोपाळचं दुःख याच्या कितीतरी पटीने मोठं, पण गाठ तिथेही मोजणीशीच बसली. 1984 च्या डिसेंबरात तिथल्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, तेव्हा हिशेबात मृत्यू धरले होते सुमारे 3000. पुढे सरकारी दफ्तरातच तो आकडा 5,295 झाला. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली. जिथे सरकारला मिटलेला व्यवहार पुन्हा उघडता आला नाही, तिथे खाडीकाठच्या बाईला तो कसा उघडता येणार?

म्हणून सांगते, पहिला दिवस हातचा जाऊ देऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपण बाटलीत भरून ठेवलेलं पाणी उपयोगी पडतं, पण 1974 च्या जल कायद्यातल्या कलम 21 प्रमाणे, ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या आणि सीलबंद केलेल्या सांडपाण्याच्या नमुन्याची सर त्याला नाही. नमुना कारखान्याचं पाणी बाहेर पडतं तिथला हवा, नुसता खाडीतला नको. दोन भरत्या आल्या की खाडीचं पाणी स्वच्छच दिसतं. पाण्यातला प्राणवायू जागेवरच मोजायला लावा. सडलेल्या माशातून फारसं काही निघत नाही. नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवा. मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि तलाठ्याचा पंचनामा त्याच दिवशी होईल असं पाहा.

मग यादी. ती कारखान्याने करायची नाही, गावाने ग्रामसभेत करायची. तिसऱ्या, खेकडे काढणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या, जाळी विणणारे, सगळे तिच्यात हवेत. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून कुणी गप्प बसू नये. बाजाराची पावती, व्यापाऱ्याची वही, बचत गटाचं पासबुक, यांतून हिशेब उभा राहतो.

यादी झाली की भरपाईचा अर्ज राष्ट्रीय हरित लवादाकडे. लवादाचा कायदा 2010 चा. आपल्यासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. अपघात असेल तर कारखान्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार आपल्यावर नसतो, पण नुकसान त्याच्याचमुळे झालं हे दाखवावं लागतं. अर्जात एक गोष्ट विसरू नका: खाडीचं नुकसान आणि माणसांचं नुकसान वेगवेगळं मागा. पर्यावरणाच्या हानीसाठी ठरलेली रक्कम सरकारी निधीत जमा होते. तुमच्या चुलीपर्यंत ती येत नाही. याच खंडपीठाने 2015 मध्ये उरण भागातल्या 1630 पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये द्यायचा आदेश दिला. बंदर आणि भरावाचं ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण कुटुंबांचा आकडा आदेशात नोंदलेला होता, ही त्यातली मोठी गोष्ट.

कारखान्याकडून तातडीची मदत घ्यायला हरकत नाही. घरात चूल पेटली पाहिजे. मात्र पावतीवर ‘अंतरिम मदत, पुढील मागणीचा हक्क राखून’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा, मगच सही करा, आणि तिचा फोटो काढून ठेवा. असं लिहू देत नसतील तर एकट्याने सही करू नका. गावाने मिळून तहसीलदारांकडे जा. भरपाईचा अर्ज करायला लवादाची मुदत पाच वर्षांची आहे, त्यामुळे त्याच सकाळी सही करण्याची घाई फक्त कारखान्याला असते.